दाराबाहेरच्या चपला मोजून केलेला नियम: नात्यात नसलेले फक्त तीन?

केवडा
सोमवार, रात्री १०.१०

ताळगावात सासऱ्यांनी घेतलेला आमचा टू-बीएचके आहे. आम्ही फोंड्याला राहतो, म्हणून तो भाड्याने देतो. गेली दोन वर्षं तिथे चार मुली राहतात. दोघी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) नर्स, एक विद्यापीठात पीएचडी करते, चौथी पणजीत बँकेत. एक केपेची, एक वेंगुर्ल्याची, दोघी बेळगावकडच्या. पोलिसांचा भाडेकरू फॉर्म भरलेला, अकरा महिन्यांचा करार, भाडं एक तारखेला जमा. मला त्यांच्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

काल सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस पडली. एका फ्लॅटमध्ये रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यात नसलेल्या तीनपेक्षा जास्त व्यक्ती राहू शकणार नाहीत, आधीपासून असलेल्यांना साठ दिवसांची मुदत. येत्या रविवारी सर्वसाधारण सभेत ठराव यायचाय.

खजिनदारांना फोन लावला. म्हटलं, काका, मुलींनी काही केलं का? तर म्हणाले, "केलं काही नाही गो, पण दाराबाहेर चपलांचे अकरा जोड होते. मी स्वतः मोजले."

चार मुलींचे अकरा जोड! माझ्या एकटीचे सात आहेत.

वरच्या मजल्यावर तेवढ्याच फ्लॅटमध्ये सात जण राहतात. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडं आणि गावाहून शिकायला आलेला भाचा. ते चांगले लोक आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण सात चालतात आणि चार चालत नाहीत हे गणित काही डोक्यात शिरत नाही. असा नियम करता येतो का? कोणाला अनुभव असेल तर लिहा.

माडाची_सावली
सोमवार, रात्री १०.२४

चपला घरात ठेवायला सांगा. सगळा प्रश्न मिटला.

पर्वरीचा_सेक्रेटरी
सोमवार, रात्री ११.०२

कमिटीची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. सेक्रेटरीपण फुकटचं आहे, शिव्या मात्र रोजच्या.

आमची इमारत चोवीस फ्लॅटांची. एका मालकाने (राहतो दिल्लीला, बघितलाही नाही कधी) फ्लॅट एका कॉन्ट्रॅक्टरला दिला. आम्हाला सांगितलं "कंपनी गेस्ट". कंपनी कसली, हॉटेलात कामाला असणारी पोरं आणून टाकली. कॉट बेसिसवर चौदा जण. पोरं वाईट नव्हती हो, रात्री दोनला कामावरून यायची, पहाटे कपडे धुवायची. संध्याकाळी सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पाणी नाही. आठवड्याला टँकर.

मग चवथीच्या आदला दिवस. खाली हॉलमध्ये सार्वजनिक गणपतीची माटोळी (मूर्तीवर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधत होतो. मी स्टुलावर, हातात कांगलांचा घोस. मागून कोणीतरी ओरडलं. सेप्टिक टँकचं चेंबर उसळलं होतं आणि पाणी थेट पार्किंगमध्ये. टँक उपसायला गाडीवाल्याला फोन केला तर तो म्हणे, चवथ झाल्यावर बघू. पाच दिवस फिनाईल ओतत आरत्या केल्या.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, आणि तो मी बदलू देणार नाही. ताई, तुमच्या मुली सज्जन असतील. पण उद्या त्यांच्या जागी कोण येईल याची हमी कोण देणार?

केवडा
सोमवार, रात्री ११.१५

चौदा आणि चारमध्ये फरक आहे ना पण.

पर्वरीचा_सेक्रेटरी
सोमवार, रात्री ११.१७

आहे. पण रेघ कुठेतरी ओढावी लागते.

ओळंबा
मंगळवार, सकाळी ८.४०

व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर. चेंबर उसळलं वाचून बोटं शिवशिवली.

रेघ ओढा, पण ती कुठे ओढायची हे इमारतीच्या नकाशातच असतं. आपल्याकडे ताळगाव-पर्वरीच्या बऱ्याच जुन्या इमारती सेप्टिक टँक आणि सोक पिटवर (टँकचं पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) चालतात. तो टँक माणसं मोजूनच डिझाइन होतो. प्रति फ्लॅट साधारण पाच माणसं धरतात. पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला १३५ लिटर. म्हणजे चोवीस फ्लॅटांना एकशेवीस माणसं, रोजचं सोळा हजार दोनशे लिटर. सेक्रेटरींच्या चौदा पोरांनी एकट्या फ्लॅटमधून तीन फ्लॅटांचा भार टाकला होता. चेंबर उसळणारच. त्यात पावसाळ्यात जमीन भिजलेली असते, सोक पिट पाणी घेत नाही. चवथ येते ती नेमकी त्याच दिवसांत.

आता केवडाताईंचं बघा. चार नर्सा पाचाच्या आत बसतात. वरचं सात जणांचं कुटुंब बसत नाही. चेंबर भरताना आत कोण कोणाचा भाचा हे बघत नाही. तेव्हा मर्यादा घालायची तर डोकी मोजून घाला, नाती मोजून नको. सेक्रेटरीसाहेब, तुमचा त्रास खरा आहे, पण औषध चुकीच्या रोगावर दिलंय.

केवडा
मंगळवार, सकाळी ८.५१

चार नर्सा नाहीत, दोनच आहेत :) पण मुद्दा पोचला.

हांगाचोच
मंगळवार, सकाळी ९.३०

मूळ प्रश्न कोणी बोलत नाही. गोवा भरला. सगळे भायले, बाहेरचे. भाडं मिळतं म्हणून कोणालाही आणून ठेवायचं आणि नंतर रडायचं.

केवडा
मंगळवार, सकाळी ९.४४

केपे गोव्यातच आहे, तिथली मुलगी भायली कशी झाली ते समजवा. आणि माझी सासू वेंगुर्ल्याची, तिलाही विचारून घेते.

(यापुढचे चार प्रतिसाद वैयक्तिक शेऱ्यांमुळे काढले आहेत. विषयावर बोला. – व्यवस्थापक)

मावसभाऊ_नंबर_चार
मंगळवार, दुपारी १.२०

वेर्ण्याला नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघं मडगावात घर शोधत होतो. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न "फॅमिली?" आणि दुसरा प्रश्न यायच्या आत फोन बंद. शेवटी ब्रोकरने सल्ला दिला, मावसभाऊ म्हणून सांगा. नावेलीला एक म्हातारी मालकीण होती. तिने सगळ्यांची आधारकार्डं मागितली. पाटील, नाईक, शेख आणि फर्नांडिस. तिने चष्मा वर केला, चौघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशा बऱ्याच आहेत तुमच्या."

घर दिलं. सहा वर्षं राहिलो. तिच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात रात्री आम्हीच पाळीपाळीने बसलो, कारण मुलगा मस्कतला होता.

शिवाय एक आकडा सांगतो, त्यावर कोणी बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामं निघालं होतं. माणसं भाड्याच्या घरासाठी वणवण करतात आणि वरच्या मजल्यांवर कुलपं गंजतात.

कूळखाते
मंगळवार, रात्री ९.०५

वकिली करते, म्हणून थोडं कायद्याचं. हा सल्ला नव्हे, कागद बघितल्याशिवाय सल्ला देत नाही.

आधी तुमची सोसायटी कुठल्या प्रकारची आहे ते पाहा. आपल्याकडे पुष्कळ इमारतींत "हाउसिंग मेंटेनन्स सोसायटी" असते. म्हणजे फ्लॅट तुमच्या स्वतःच्या विक्रीखतावर, जमिनीत तुमचा अविभक्त हिस्सा, आणि सोसायटी फक्त जिना, लिफ्ट, पंप, गेट, कंपाउंड सांभाळणार. अशा सोसायटीला तुमच्या दाराच्या आत किती गाद्या घालायच्या हे ठरवायचा अधिकार कुठून आला ते तिने दाखवावं. मुंबई-पुण्यासारखी सोसायटीच मालक आणि तुम्ही सभासद अशी रचना असेल तर चित्र वेगळं.

दुसरं, सभेतला ठराव म्हणजे उपविधी (सोसायटीचा नोंदलेला नियम) नव्हे. उपविधी बदलायचा तर दुरुस्ती निबंधकांकडे नोंदवावी लागते, तोपर्यंत ती लागू होत नाही. गोव्यात त्यासाठी २००१ चा सहकार कायदा आहे. तेव्हा "ठराव झाला, साठ दिवसांत निघा" हे इतकं सरळ नाही.

पण फार खूशही होऊ नका. भेदभाव करू नये हे घटनेतलं कलम १५(१) सरकारला बांधतं, खाजगी घरमालकाला नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सभासदत्व फक्त पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध धरला होता. तो निकाल सभासदांबद्दल होता, भाडेकरूंबद्दल नव्हता, तरी सोसायट्यांचे वकील तो काढतातच. उलट बाजूने एवढं पक्कं, की नात्यात नसलेल्या प्रौढ माणसांनी एका घरात राहणं हा आपल्याकडे गुन्हा नाही आणि घरात नात्यातलीच माणसं राहावीत असा सरकारी कायदाही नाही.

आता एक अवांतर, पण महत्त्वाचं. फ्लॅट "सासऱ्यांनी घेतलेला" असं लिहिलंय. ते आहेत का?

केवडा
मंगळवार, रात्री ९.२०

नाहीत. तीन वर्षं झाली. करार मिस्टरांनी सही करून दिलाय.

कूळखाते
मंगळवार, रात्री ९.३८

मग सभेत कोणी हुशार असेल तर तिथेच पकडेल. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे. लग्न करार न करता झालं असेल तर नवराबायकोची मालमत्ता समाईक. म्हणजे फ्लॅटचा अर्धा हिस्सा सासूबाईंचा आधीपासूनच, वारसा म्हणून नव्हे. उरलेल्या अर्ध्याची इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) व्हायची असेल तर सगळ्या वारसांचा त्यात हक्क. मिस्टर एकटे सही करायला पुरे नाहीत. सासूबाईंची आणि नणंदा असतील तर त्यांची लेखी संमती फाइलला लावून ठेवा, आणि सभेला सासूबाईंना घेऊन जा. मतदानाचा प्रश्न आला तर कामाला येईल.

स्विंडनला_पोचलेला
बुधवार, पहाटे २.१५

मूळ पेडण्याचा, पासपोर्ट पोर्तुगालचा, घर इंग्लंडात स्विंडनला. आमच्यासारखे गोंयकार इथे हजारोंनी आहेत आणि जवळपास सगळ्यांची सुरुवात अशाच सामायिक घरात झाली.

इथल्या कायद्यात नात्यात नसलेल्यांना बंदी नाही, लायसन्स आहे. पाच किंवा जास्त माणसं, एकाहून जास्त कुटुंबांतली, स्वयंपाकघर नाहीतर संडास-बाथरूम वाटून घेत असतील तर मालकाला कौन्सिलचं लायसन्स घ्यावं लागतं. आधी तीन मजली घरांनाच होतं, १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली. एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. शिवाय धुराचे अलार्म, कचऱ्याची सोय, गॅसचं सर्टिफिकेट.

मी पहिल्या वर्षी सात जणांत राहत होतो. माझ्या वाट्याला जिन्याच्या डोक्यावरची खोली. दार पूर्ण उघडत नव्हतं, पलंगाला आपटायचं. आडवं होऊन आत जायचं, मग दार लावून कपडे बदलायचे. तपासनीस आला, खोली मोजायचा लेझर भिंतीला लावला, आकडा बघून मान हलवली. दुसऱ्या आठवड्यात मालकाने मला हलवून दुसऱ्या घरी नेलं आणि त्या खोलीत व्हॅक्यूम क्लीनर आणि सुटकेसी ठेवल्या. तेव्हा राग आला होता, कारण ती खोली स्वस्त होती. भाडं साठ पौंडांनी वाढलं.

म्हणजे नियम चांगला असला तरी त्याची किंमत भाडेकरूच भरतो, हेही लक्षात असू द्या. शेजाऱ्यांची तक्रार मात्र एकच असायची, कचऱ्याचे डबे. चुकीच्या दिवशी बाहेर ठेवले की चिठ्ठी.

जुना_वाचक
बुधवार, सकाळी ११.००

केवडाताईंच्या सोसायटीने नकळत अमेरिकेतला जुना नियम उचललाय. तिकडे गावोगाव असे नियम होते आणि खटले थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेल टेर नावाचं छोटंसं गाव. तिथला नियम, घरात एक कुटुंब, किंवा नात्यात नसलेले जास्तीत जास्त दोन. जवळच्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाच्या सहा विद्यार्थ्यांनी एक घर भाड्याने घेतलं. गावाने नोटीस दिली, मालक कोर्टात गेला. १९७४ साली सुप्रीम कोर्टाने गावाच्या बाजूने निकाल दिला. शांत परिसर, मोकळी अंगणं, कमी गाड्या, हे जपायचा गावाला अधिकार आहे म्हणाले. न्यायमूर्ती मार्शल यांनी विरोधी मत नोंदवलं. गर्दी आणि आवाज यांचाच प्रश्न असेल तर मोठ्या कुटुंबाला सूट का, असा त्यांचा रोख होता. वर ओळंबांनी जे लिहिलंय तेच, फक्त सेप्टिक टँक नाही.

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. ओहायोतलं ईस्ट क्लीव्हलंड. तिथे तर कुटुंबाची व्याख्याच इतकी आखूड की एक आजी अडकली. तिच्याकडे मुलगा आणि दोन नातू राहायचे. नातू एकमेकांचे सख्खे भाऊ नव्हते, चुलतभाऊ होते. एकाची आई वारली म्हणून तो आजीकडे आला होता. व्याख्येत दोन भावंडांची मुलं एकत्र बसत नव्हती. आजीला पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने तो नियम रद्द केला, पाच विरुद्ध चार मतांनी.

म्हणजे रक्ताच्या नात्यांना संरक्षण मिळालं, नात्याबाहेरच्यांना नाही. ते मग राज्यांनी आपापलं केलं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च कोर्टाने १९८० साली सांता बार्बराचा असा नियम मोडीत काढला. आयोवाने २०१७ मध्ये कायदा करून गावांचा हा अधिकार काढून घेतला, ओरेगन आणि वॉशिंग्टनने २०२१ मध्ये, कोलोरॅडोने २०२४ मध्ये. घरभाडी परवडेनात म्हणून. तिकडे जे मोडीत निघतंय ते आपण नव्याने आणतोय.

आणि सोसायटीने "रक्ताच्या किंवा लग्नाच्या" असं लिहिलंय, त्यात दत्तक मूल कुठे बसतं?

डिचोलीची_आजी
बुधवार, दुपारी ४.३०

नातीने हा धागा वाचून दाखवला, आता मीच टाइप करते. चुका सांभाळून घ्या.

माझे वडील मुंबईला होते, गिरगावात. चाळीतली एक खोली, दहा बाय बारा, आणि त्यात आमच्या गावचे नि शेजारच्या गावचे मिळून अकरा पुरुष. कोणी मिलमध्ये, कोणी प्रेसमध्ये, कोणी पेढीवर. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याचं अंथरूण गुंडाळायचं आणि आपलं पसरायचं. अंथरुणाची जागा एक, माणसं दोन. जेवण खानावळीत, महिन्याच्या बोलीवर. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीला लागून. खोली कोणा एकाच्या नावावर, पण ती "गावची खोली" म्हणायचे. नवीन पोरगा बोटीतून उतरला की सरळ तिथे यायचा. त्याला कोणी विचारलं नाही, तू कोणाचा कोण.

ख्रिस्तांवांच्या कुडी (गावकऱ्यांची सामायिक राहायची घरं) होत्या धोबीतलावाकडे, अजून आहेत म्हणतात. गावागावाची वेगळी कूड. तार्वटी, म्हणजे जहाजावर काम करणारे, बोटीची वाट बघत तिथे राहायचे. त्यांच्याही ट्रंका रांगेने, समोर अल्तार, रात्रीचा रोझरी चुकवायचा नाही हा नियम. बाबा सांगायचे, रात्री रस्त्याने जाताना त्यांची प्रार्थना ऐकू यायची.

त्या अकरा जणांनी पाठवलेल्या मनिऑर्डरीवर आमच्याकडची घरं उभी राहिली. आमचंही. चिरे लावलेले त्याच पैशाचे. आता त्या घरांतली मुलं चार पोरींच्या चपला मोजतात, हे बाबांना सांगितलं असतं तर हसले असते.

पर्वरीचा_सेक्रेटरी
बुधवार, संध्याकाळी ६.१२

आजी, नमस्कार. माझे आजोबाही परळला होते. त्या खोलीच्या खालच्या मजल्यावर जो राहायचा त्यालाही कोणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच म्हणतो :)

ओळंबांचं पटलं. नकाशा शोधतो.

रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ९.५०

मी केवडाताईंची भाडेकरू नाही, पण नर्सच आहे आणि सांताक्रूझला चौघींत राहते. आत्ता ड्यूटीवरून आले. आमच्या घरात चौघी एका वेळी जाग्या असतात असे दिवस महिन्यात दोन-तीन. एक झोपलेली, एक कामावर, एक बसमध्ये. वरच्या फॅमिलीची मुलं सकाळी दहाला चेंडू आपटतात तेव्हा मी उशी डोक्यावर घेते. मी कधी नोटीस लावली नाही.

चोवीस हजार भाडं आहे. चौघींत सहा, तिघींत आठ. तीनचा नियम झाला तर चौथी जाईल, आणि उरलेल्यांचे दोन-दोन हजार जातील. घरी पाठवायचे पैसे तेवढे कमी. बाकी चर्चा चालू द्या, मी झोपते.

केवडा
रविवार, रात्री ९.४५

सभा झाली. सासूबाईंना घेऊन गेले होते, कूळखाते यांचे आभार. कारण पहिलाच प्रश्न तो आला, "तुम्ही मालक आहात का?" सासूबाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "अर्धी मी. बोला."

मी डोकी मोजायची सूचना मांडली. फ्लॅटमागे पाच, नातं असो नसो. क्षणभर सगळ्यांना बरं वाटलं. मग वरच्या मजल्यावरचे आजोबा उठले. "म्हणजे आम्ही दोघांनी जायचं कुठे?" कोणाला उत्तर देता येईना. मलाही नाही. खरंच, त्यांनी कुठे जायचं? मी हे आधी विचारातच घेतलं नव्हतं.

तासभर पार्किंग, पंपाचं बिल आणि कुत्रे यांवर गेला. शेवटी ठरलं एवढंच की नोटीस तूर्त मागे, आणि टँक किती माणसांचा आहे ते आधी शोधायचं. बिल्डरचा नकाशा कमिटीकडे नाही. बिल्डर फोन उचलत नाही. तेव्हा उद्या मी आणि खजिनदार काका पंचायतीत जाऊन परवान्याची फाइल बघायला मागणार आहोत. त्यांच्याच स्कूटरवरून.

माडाची_सावली
रविवार, रात्री ९.५८

आणि चपला?

केवडा
रविवार, रात्री १०.०३

मुलींनी रॅक आणलाय. नऊ जोड मावतात.